अर्ध्या गोळीची झोप

३ मार्च, सोमवार

माझा ठिपका मध्ये पडला!

मध्ये! सहा वर्षं तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात मुकाट बसलेला असतो, आणि आज मधोमध, ढिम्म. मी आधी चष्मा पुसला. मग पडदा पुसला. मग शंकासुराला हाक मारली.

हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही लोकांच्या लाळेतून जनुकं वाचतो. सध्या काम चाललंय कॅनाबिडिऑलचं — गांजाच्या झाडातून काढतात, पण नशा आणत नाही, ते औषध. झटके येणाऱ्या मुलांना थेंबांनी देतात. एका मुलाला तेवढ्याच थेंबांनी गुण येतो, दुसऱ्याला गुंगी येते, तिसऱ्याला काहीच होत नाही. असं का? बरंचसं उत्तर यकृतात आहे. तिथे औषधं मोडून बाहेर घालवणारे एन्झाइम असतात. त्यातल्या एकाच्या लांबलचक नावाच्या शेवटी एकोणीस येतं, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'एकोणीस' म्हणतो. ज्याचा एकोणीस चलाख, त्याच्या अंगातून औषध झटपट चालतं होतं. ज्याचा संथ, त्याच्याकडे ते मुक्काम ठोकतं. त्या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही चलाख तर ठिपका उजव्या कोपऱ्यात, दोन्ही संथ तर डाव्या, एक-एक असली तर मध्ये.

आणि लोकांच्या नमुन्यांबरोबर दर वेळी एक 'घरचा नमुना' लावायचा, ही आमची जुनी पद्धत. ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे असा. तो बरोबर आला की किट बरोबर. सहा वर्षं तो घरचा नमुना मी आहे. 'नॉर्मल बाई' म्हणतात मला इथे. (घरी अजून कुणी म्हटलेलं नाही.)

शंकासुर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी. ऊन पडलंय हे खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितल्याशिवाय मान्य करत नाही. तो म्हणाला, "नवा किट ना? खराब असणार. परत पाठव." मॅडम म्हणाल्या, "तू नळ्यांची अदलाबदल केली असशील."

मी! अदलाबदल!

४ मार्च, मंगळवार

परत लावला. परत मध्ये. ताजी लाळ थुंकून लावली — तीही मध्ये. शंकासुराने गुपचूप स्वतःची लावून बघितली, तर त्याचा ठिपका गुणी बाळासारखा कोपऱ्यात. म्हणजे किट शहाणा आहे.

मग वेडं कोण?

६ मार्च, गुरुवार

कळलं! कळलं! कळलं!

जुना किट त्या जनुकात एकच जागा बघायचा. नवा आणखी जागा बघतो. माझ्यात जो फरक आहे तो नेमका दुसऱ्या जागी! जुन्याने तिथे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. माझी एक प्रत संथ आहे — आणि मी सहा वर्षं नॉर्मल म्हणून मिरवतेय! आमची फूटपट्टीच मुळात वाकडी, आणि सगळे तिच्यावर डोळे झाकून रेघा मारत होते.

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. आधी पांढरा, मग लाल. जुन्या निकालांत माझ्यासारखे किती सुटले असतील? सगळे नमुने पुन्हा लावायचे. काम तिप्पट. शिवाय घरचा नमुनाही एकाचा नको, पुष्कळांचा हवा — सगळ्यांनी आपापल्या घरातल्या, राजीखुशीने देणाऱ्या माणसांची लाळ आणायची. "निकाल ज्याचा त्याला सांगायचा, दुसऱ्या कुणालाही नाही," मॅडमनी बजावलं. "नवऱ्याचा बायकोला नाही, आईचा मुलीला नाही — तपासणारी मुलगीच असली तर गोष्ट वेगळी."

शंकासुर म्हणाला, "अभिनंदन. तू आता अर्धवट आहेस, शास्त्रीय दृष्ट्या." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. इतकी खूश मी बढती मिळाली तेव्हासुद्धा नव्हते.

८ मार्च, शनिवार

ताईकडे गेले होते. ठिपक्याची गोष्ट सांगायला अक्षरशः उड्या मारत गेले आणि काही न सांगता परत आले.

ताईचं चष्म्याचं दुकान आहे. तिथे आरशाखालच्या बाकावर भिंगरी झोपली होती. आठ वर्षांची आहे. नाकावर निळी फ्रेम, एक काडी कानावर, दुसरी गालात रुतलेली. घालता घालताच झोप लागली असणार. या पोरीला भिंगरी हे नाव मी ठेवलं — एका जागी बूड टेकत नाही म्हणून! तीन तीन चष्मे एकावर एक घालून गिऱ्हाइकांना विचारायची, "मी तुम्हाला किती दिसते?"

झटके तिला दीड वर्षाची असल्यापासून. कधी दिवसाला दहा, कधी मोजणंच सोडून द्यायचं. डोक्यावर कायम ते जाड शिरस्त्राण. जुन्या गोळीने थोडे कमी झाले, थांबले नाहीत. मग जानेवारीत डॉक्टरांनी गोळीच्या जोडीला कॅनाबिडिऑलचे थेंब सुरू केले. आणि थांबले! महिनाभरात जवळजवळ थांबलेच! शिरस्त्राण दाराच्या खुंटीवर गेलं. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्या दिवशी दोन मजल्यांच्या मध्ये उभे राहून रडले, असं स्वतःच सांगतात.

पण मग ही झोप. शाळेत झोपते, ताटावर झोपते, बोलता बोलता शब्द अर्धा टाकून झोपते. "औषध अंगी लागेपर्यंत व्हायचंच," असं डॉक्टर म्हणाले होते. ते लागतंय कुठे? दिवसेंदिवस वाढतंय.

ताई काउंटरमागे एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होती. "झटके गेले," म्हणाली, "आणि पोरगीपण गेली. यापेक्षा आधीचं बरं होतं. निदान दोन झटक्यांच्या मध्ये मला माझी मुलगी भेटायची."

मी म्हटलं, मनाने काही बंद करू नकोस, एकदम तोडलं तर झटके उसळतील. तर फटकन म्हणाली, "पुढच्या शनिवारी डॉक्टरांकडे जायचंय. ते नेहमीचंच बोलले तर घरी येऊन बाटली बेसिनमध्ये ओतणार. तुझं बरंय. तुला ती नळीतला नमुना."

लागलं मला. लागायचंच होतं, पण तिचंही चुकलं नाही. पोर तिची झोपलीय.

९ मार्च, रविवार

दूध उतू गेलं, गॅस विझला, शेजारच्या काकू दार ठोठावून गेल्या — मला पत्ता नाही! मी कागदावर बाण काढत बसले होते!

बघ ना. माझी संथ प्रत काही आभाळातून पडली नाही. आईकडून नाहीतर बाबांकडून आली. म्हणजे ती ताईकडेही असू शकते. ताईकडे असली तर भिंगरीकडे असू शकते.

आता पुढे. भिंगरीची जुनी गोळी यकृतात मोडते आणि तिचा एक तुकडा उरतो. तो तुकडा गुंगी आणतो. त्याला बाहेर घालवायचं काम कोणाचं? एकोणीसचं! आणि कॅनाबिडिऑल काय करतं? एकोणीसलाच अडवतं! थेंब पोटात गेले की तो अर्धं काम सोडून देतो. चलाख माणसाचं त्यात निभावून जातं, थोडी पेंग येते इतकंच. पण ज्याच्याकडे मुळात एकच धड प्रत आहे, त्याच्या त्या एकीवरही थेंब जाऊन बसले, तर गोळीचा तुकडा अंगात साठतच राहणार. साठतोय. रोज साठतोय!

म्हणजे पोरीला थेंबांनी झोपवलं नाही. थेंबांमुळे जुनी गोळीच तिला कितीतरी पट जास्त चढतेय! थेंब काढायचे नाहीत — गोळी कमी करायची! ताई नेमकी नको ती बाटली ओतायला निघालीय!

आणि मग मला आईची अर्धी गोळी आठवली. मी खुर्चीवरून उठून खोलीत गोल गोल फिरले.

आमच्या घरातला हा फार जुना आणि फार दुखरा किस्सा. ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईला घाबरं घाबरं होत होतं. डॉक्टरांनी मन शांत करणाऱ्या गोळ्यांची पट्टी दिली. आई म्हणते, "मी फक्त अर्धी घेतली." आणि आई झोपली. लग्नभर झोपली! पाणी मारून झालं, हलवून झालं. ताई सासरी निघाली तेव्हा आई आतल्या खोलीत घोरत होती. आईला भाऊजी पसंत नव्हते, हे जगजाहीर. ताईने मनाशी पक्कं केलं: मला निरोप द्यायचा नव्हता म्हणून हिने मूठभर गोळ्या खाल्ल्या. आई शपथा घेत राहिली, अर्धीच गं, अर्धीच. कुणी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. तेव्हापासून ताई आईशी बोलते, पण बँकेतल्या बाईशी बोलावं तसं. दर महिन्याला भेटायला जाते, घड्याळ बघून निघते. भिंगरीला एक दिवससुद्धा आजीकडे ठेवलेलं नाही.

पण त्या शांत करणाऱ्या गोळ्या — त्याही एकोणीसच्याच वाटेने बाहेर जातात! आईच्या दोन्ही प्रती संथ असल्या तर? तर अर्धी गोळीसुद्धा तिला दिवसभर आडवी करेल! आणि मग आम्हा दोघी बहिणींना एकेक संथ प्रत मिळालीच पाहिजे, दुसरं काही तिच्याकडे द्यायला नाहीच! सगळं बसतंय. चपखल बसतंय!

आई खरं बोलत होती. इतकी वर्षं.

१० मार्च, सोमवार

शंकासुराला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हेच मोठं. म्हणाला, "मुलीचा तर्क पटतो. डॉक्टरांना सांगा, रीतसर तपासू दे. पण अर्धी गोळी हा पुरावा नव्हे. किस्सा आहे."

तुझ्या तोंडाला कुलूप लागो, म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

दुपारी अर्धी रजा टाकून ताईच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. भिंगरी बाकावर, तोंड उघडं.

आधी माझा ठिपका सांगितला. मग यकृत, एकोणीस, गोळीचा तुकडा. ताईच्या चेहऱ्यावर काही नाही. "तुमचं हे सगळं कागदावर छान असतं," म्हणाली. "आणि तुझ्या वळणावर गेली असेल कशावरून?" मी म्हटलं, तुझ्या वळणावर, माझ्या नाही. "माझ्यात काही नाही," म्हणाली. "मला कुठली गोळी लागली नाही कधी."

मग मी म्हटलं, "आईला लागली होती."

काच पुसायची थांबली.

मी सांगत गेले. अर्धी गोळी, दोन संथ प्रती, आम्हाला एक-एक. भीती वाटली मला, जुनी खपली काढली म्हणून हाकलून देते की काय. शेवटी म्हणाली, "म्हणजे अर्धी गोळी घेऊनसुद्धा माणूस असा झोपू शकतो?"

"भिंगरीकडे बघ ना," मी म्हटलं.

तिने बघितलं. निळी फ्रेम हळूच काढून पुसली आणि रॅकवर ठेवली. "मी तिला काय काय बोललेय तुला माहीत नाही," म्हणाली. आणि रडायला लागली — ताई! जी स्वतःच्या लग्नात रडली नाही! तेवढ्यात एक आजोबा चष्म्याचा स्क्रू बसवायला आले. ताईने रडत रडतच स्क्रू बसवला. त्यांनीच तिला रुमाल दिला.

१२ मार्च, बुधवार

ताईने दुकान बंद ठेवलं आणि आईकडे गेली. मला ओढत नेलं.

आई बटाटे सोलत होती. ताई दारातच उभी राहिली. "आई, एकदाच विचारते. किती घेतल्या होत्यास?"

आईने आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "अर्धी. किती वेळा सांगू?"

ताई जाऊन तिच्या गळ्यातच पडली. सोलाणी खाली पडली, बटाटे कॉटखाली गेले. मी गुडघ्यांवर बसून बटाटे गोळा केले आणि तिथेच कॉटखाली तोंड लपवून रडून घेतलं. आई एकच म्हणत होती, "असू दे गं, असू दे. झालं ते झालं."

एका ठिपक्याने केवढं केलं!

१५ मार्च, शनिवार

डॉक्टरांकडे सगळे गेलो. मी कागदावर बाण काढून नेले होते. भाऊजी म्हणाले, "हिला बोलू द्या, नाहीतर ही फुटेल."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. थेंब आणि गोळी एकमेकांच्या पायात येतात हे त्यांना ठाऊक होतंच; झोप उतरेल म्हणून वाट बघत होते. आता म्हणाले, "पेंग मी नेहमीची धरून चाललो. इतकी वाढतेय तर रक्तातला त्या तुकड्याचा साठा बघायला हवा. जनुकाचीही तपासणी लिहून देतो. जुनी गोळी कमी करू — पण पायरीपायरीने. एकदम नाही. घरी स्वतःच्या मनाने काहीही नाही." हे ताईकडे बघून म्हणाले. ताईने शाळकरी मुलीसारखी मान हलवली.

बाटली वाचली! बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "आईची गोष्ट नसती ना, तर मी आले नसते इथपर्यंत. तू दुकानात आलीस ना, त्याच रात्री ओतणार होते."

भिंगरी भाऊजींच्या खांद्यावर झोपलेली. डॉक्टरांनी हात हलवून टाटा केला तो वायाच.

१८ मार्च, मंगळवार

भिंगरीची लाळ प्रयोगशाळेत आली. डॉक्टरांकडून आलेला नमुना आपल्या घरातल्या माणसाचा असला तर तो आपण लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. शंकासुर लावणार. मी त्याच्या मागे पुढे करत होते, तर म्हणाला, "बाई, खुर्ची घट्ट धरून बसा." मुलीचं नाव नळीवर नसतं, नुसता आकडा असतो, पण तो आकडा मला झोपेतसुद्धा म्हणता येईल.

आणि आज आईपण आली! घरच्या नमुन्यांसाठी! मी सांगितलं तर आधी नको नको म्हणत होती, मग ताईनेच भरीला घातली — "आई, कागदावर येऊ दे एकदा. सगळ्यांच्या तोंडावर मारू." आईला नळीत थुंकायची लाज. पाठ फिरवून उभी राहिली. थुंकीच येईना. शंकासुराने लिंबाचं लोणचं आठवायला सांगितलं, तेव्हा कुठे नळी भरली.

नळी माझ्या हातात देताना हळूच विचारते कशी, "तुमच्या या मशीनला जुन्या गोळ्या दिसतात का गं?"

इतकं हसू आलं! म्हटलं, आई, ही लाळ आहे, कपाट नव्हे. जुन्या गोळ्या कशा दिसतील? जन्मताना काय घेऊन आलीस एवढंच दिसतं. "असं होय," म्हणाली, आणि मॅडमनी दिलेला चहा न पिताच निघाली. तिचा नमुना तिकडे रांगेत लागलाय. डॉक्टरांची नळी आधी, घरचे नंतर.

२० मार्च, गुरुवार

रक्ताचा निकाल: तुकड्याचा साठा भरमसाठ! डॉक्टरांनी गोळी एक पायरी उतरवली. थेंब तेवढेच.

२३ मार्च, रविवार

काही फरक नाही. ताईचा दर तासाला फोन. मी धीर देते आणि फोन ठेवला की नखं खाते. माझं चुकलं तर? गोळी कमी झाल्याने झटका आला तर? शिरस्त्राण खुंटीवरून काढून ताईने उशाशी ठेवलंय.

२७ मार्च, गुरुवार

शंकासुर सकाळपासून माझ्याकडे बघत नव्हता. नियम म्हणजे नियम, निकाल आधी डॉक्टरांना. पण जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला, न मागता. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी ओळखलं!

दुपारी ताईचा फोन. "डॉक्टर म्हणाले एक संथ आहे! तुझ्यासारखीच! एक संथ, एक चांगली!" किंचाळत होती. लोकांच्या पोरीचं जनुक बिघडलेलं निघालं की लोक रडतात, आणि आम्ही दोघी फोनवर नाचतोय! भाऊजी मागून ओरडले, "माझ्याकडची ती चांगली हं!" घ्या. इतक्या वर्षांनी सासुरवाडीवर बाजी मारली.

गोळी आणखी एक पायरी खाली.

२ एप्रिल, बुधवार

भिंगरीने संध्याकाळचं जेवण जागेपणी संपवलं.

६ एप्रिल, रविवार

मी हे पान जपून लिहिणार आहे.

ताईकडे गेले. बाकावर कुणी नव्हतं. तेवढ्यात काउंटरखालून आवाज, "मावशी, मी तुला किती दिसते?" तीन चष्मे! एकावर एक! चौथा डोक्यावर!

दिवसभर तोंड बंद नाही. आरशावर बोटांचे ठसे. एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "ही फ्रेम नका घेऊ, तुमचं नाक मोठं दिसतं." ताई कानकोंडी झाली आणि मग बाहेर जाऊन हसत सुटली. मी विचारलं, इतके दिवस काय वाटायचं गं तुला? म्हणाली, "सगळे लांबून बोलायचे. मी यायला निघायचे पण पोचायचेच नाही."

झटका नाही. एकही नाही. शिरस्त्राण परत खुंटीवर, त्यात तिने रंगीत पेन्सिली ठेवल्यात.

आणि आई आता ताईकडेच राहायला आलीय! ताईनेच आणली. आजी-नात एका खोलीत झोपतात. आई म्हणते, ही मला झोपूच देत नाही. तक्रार करताना तोंड भरून हसत होती. संध्याकाळी ताई आईच्या डोक्याला तेल लावत होती. मी दारातून बघितलं आणि आत गेले नाही. लहान असताना मी असं बघितलं होतं, पण तेव्हा आई ताईला लावायची.

८ एप्रिल, मंगळवार

भिंगरीला वर्गाबाहेर उभं केलं. बडबड केली म्हणून! ताईने बाईंना पेढ्यांसारखे चष्मे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेत.

११ एप्रिल, शुक्रवार

घरच्या नमुन्यांची प्लेट आज माझ्याकडे. आईच्या ठिपक्यासाठी मी पडद्यापुढे उभीच राहिले. डावा कोपरा, डावा कोपरा, म्हणत होते.

उजवीकडे पडला.

परत लावला. पुन्हा उजवीकडे. नळी बदलली, जागा बदलली, शंकासुराला लावायला सांगितला. उजवीकडेच. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आयुष्यात प्रथमच काही शंका काढली नाही. दोन्ही प्रती चलाख. आईइतकं नॉर्मल आमच्या प्रयोगशाळेत कुणी नाही.

म्हणजे संथ प्रत बाबांची. बाबा — जे आता नाहीत, ज्यांनी जन्मात डोकेदुखीची गोळी घेतली नाही, म्हणून कुणाला कधी कळलं नाही. भिंगरीचं सगळं खरं. माझे बाण खरे. फक्त त्यातला पहिला, आईपासून निघालेला बाण खोटा, आणि त्याच बाणाने ताईला डॉक्टरांपर्यंत नेलं.

१३ एप्रिल, रविवार

निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा. आई ताईच्या स्वयंपाकघरात एकटी होती. मी दार लोटून घेतलं. म्हटलं, "आई, तुझा निकाल आला."

ती पातेलं घासत राहिली. म्हणाली, "चार घेतल्या होत्या. मरायला नाही गं. नुसतं झोपायला. ती घरातून निघताना मला बघवलं नसतं. मग उठल्यावर सांगायची लाज वाटली, आणि मग फार उशीर झाला."

बाहेरच्या खोलीत भिंगरी मोठ्याने काहीतरी वाचून दाखवत होती, आणि ताई तिकडूनच ओरडली, "काय आलं गं आईचं?"

आईचे हात थांबले.

"अर्धीच होती," मी ओरडून सांगितलं.